आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात कसे टिकले? : सातपुड्यातल्या तीन दिवसांच्या पायपिटीनंतर

आपल्या मंडळाच्या बैठकीत नागपूरकर भोसल्यांच्या अखेरच्या काळावर चर्चा चालली होती. त्यात एका सभासदांनी साधा प्रश्न विचारला. कैदेतून पळालेला राजा, हाताशी खजिना नाही, तोफा नाहीत, चारी बाजूंना कंपनीच्या फौजा. असा माणूस पचमढीच्या डोंगरात आठ-साडेआठ महिने कसा टिकला? उत्तर लगेच आले, "प्रदेश दुर्गम होता ना!" पुस्तकांतही बहुतेक तेवढेच असते. पण मला हा शब्द तेव्हापासून खटकत राहिला. दुर्गम म्हणजे नेमके काय? कोणाला दुर्गम? डोंगर दुर्गम असेल तर तो पळणाऱ्यालाही दुर्गमच असणार. त्याला पाणी कुठून मिळाले, धान्य कुठून आले, वाट कोणी दाखवली?

कागदावर बसून हे सुटेना, म्हणून आम्ही चार मित्र इंदूरहून निघालो आणि तीन दिवस त्या डोंगरात चाललो. काय दिसले आणि त्यावरून काय समजले, ते इथे मांडतो.

आधी घटना

नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब (दुसरे मुधोजी) हरले, डिसेंबरात शरण आले. जानेवारी १८१८मध्ये इंग्रजांनी त्यांना अटी घालून पुन्हा गादीवर बसवले, पण मार्चमध्ये रेसिडेंट जेंकिन्सने बाजीरावाशी संधान असल्याच्या आरोपावरून त्यांना अटक केली. त्यांना प्रयागच्या किल्ल्यात ठेवायचे ठरले आणि पहाऱ्यात उत्तरेकडे रवाना करण्यात आले. जबलपूरकडच्या वाटेवर रायचूर नावाचा मुक्काम होता (कर्नाटकातले रायचूर नव्हे). तिथून मे १८१८च्या मध्यावर, रात्रीच्या अंधारात, आप्पासाहेब शिपायाच्या वेशात निसटले. पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवले होते. बिछान्यात उशी ठेवली होती आणि सेवक तिचेच पाय चेपत बसले होते, असे सांगतात.

तिथून ते महादेवाच्या डोंगरात शिरले. आज ज्याला आपण पचमढीचा परिसर म्हणतो, तोच हा डोंगर. हर्रईचा गोंड सरदार चैनशहा त्यांच्या बाजूने उभा राहिला. विखुरलेले अरब शिपाई, नागपूरचे जुने सैनिक, गोंड असे लोक जमत गेले. जुलैत मुलताईजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. १८१९च्या सुरुवातीला मात्र कंपनीच्या फौजांनी डोंगर चहूकडून आवळला, तेव्हा आप्पासाहेब चितू पेंढाऱ्याबरोबर पश्चिमेला असीरगडाकडे निसटले. चितूला पुढे जंगलात वाघाने खाल्ले. असीरगड एप्रिल १८१९मध्ये पडला. आप्पासाहेब तिथूनही निघाले, पंजाबात गेले, पहाडांत फिरले आणि शेवटी जोधपूरच्या आश्रयाला राहिले. तिथेच १८४०मध्ये वारले.

म्हणजे महादेवाच्या डोंगरातला काळ ऐन उन्हाळ्यात सुरू होतो, पूर्ण पावसाळा ओलांडतो आणि हिवाळ्यात संपतो. हा ऋतूंचा क्रम लक्षात ठेवावा. उत्तर त्यातच आहे, असे मला वाटते.

कोणत्या दिवसांत जायचे

पचमढीचा बराचसा डोंगर आज सातपुडा राष्ट्रीय उद्यानात आणि व्याघ्रप्रकल्पात येतो. राष्ट्रीय उद्यान १९८१मध्ये झाले, क्षेत्र ५२४ चौरस किलोमीटर. इथे मन मानेल तसे भटकता येत नाही आणि पावसाळ्यात तर आतले बहुतेक भाग बंदच असतात. अपवाद एकच, नागद्वारची यात्रा. नागपंचमीच्या आधीचे साधारण दहा दिवस ही वाट उघडते आणि तेवढ्यात लाखोंनी माणसे जंगलातून चालून जातात. त्यातले बहुसंख्य मराठी बोलणारे असतात. नागपूर, अमरावती, वर्धा, भंडारा, शिवाय मध्य प्रदेशातच राहिलेले आपले सौंसर-पांढुर्णा.

आम्ही मुद्दाम हेच दिवस धरले. एक तर पायी जायला परवानगी, आणि दुसरे म्हणजे आप्पासाहेबांनी जो पावसाळा काढला, तो अंगावर घेतल्याशिवाय काही कळणार नव्हते.

डोंगराच्या पायथ्याचा धडा

पहिला धडा डोंगर चढायच्या आधीच मिळाला. पिपरियाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतावर चहाला जायचे म्हणून आमच्या मित्राने गाडी कच्च्या रस्त्यावर घातली. वीस मीटर गेली असेल, की चारही चाके बसली. नर्मदा खोऱ्यातली काळी माती ती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. दोन तास गेले आणि सर्वांच्या पायाला दोन-दोन किलो चिखल.

संध्याकाळी पचमढीला पोहोचलो, तर तिथे खालच्यापेक्षा जास्त पाऊस. पचमढीला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण मैदानात गेलो तर बुटांना चिखल लागेना! पाणी पडत होते आणि जिरत होते. पायाखाली वाळू होती.

मी आयुष्य रस्ते आणि पुलांच्या कामात घालवले, त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. पण १८१८च्या संदर्भात ती कधी सुचली नव्हती.

पहिला दिवस : पाणी

सकाळी बडा महादेवापासून सुरुवात केली. पचमढीचा खडक वालुकाश्म आहे, गोंडवन काळातला, भरड कणांचा. त्याचे थर जवळजवळ आडवे आणि त्यांना उभ्या भेगा. पावसाचे पाणी भेगांतून आत जाते, थरांमधून हळूहळू सरकते आणि कुठेतरी कड्याच्या पोटात पाझरून बाहेर येते. बडा महादेवाच्या गुहेत छतातून थेंब पडत असतात, ते हेच पाणी. जटाशंकरच्या घळीतही तेच. जवळचा गुप्त महादेव म्हणजे एक उभी भेग, माणूस आडवा होऊन एकेकाने शिरतो.

आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. खाली ओढे आटलेले, विहिरींनी तळ गाठलेला. अशा वेळी शेकडो माणसे कुठे राहू शकतात? जिथे खडकच पाणी साठवून ठेवतो तिथे. या डोंगरातल्या देवस्थानांची यादी पाहा. जवळपास प्रत्येक स्थान पाझराच्या किंवा कुंडाच्या जागी आहे. गुहांमुळे पाऊस लागल्यावर निवाराही तिथेच. ज्याला हे पाझर ठाऊक, त्याला डोंगर सुगम. ज्याला ठाऊक नाहीत, त्याच्या फौजेला मेमध्ये तो दुर्गम.

लोककथाही हेच सांगते. वर मिळालेला भस्मासुर मागे लागला तेव्हा खुद्द शंकर पळत येऊन याच घळींत लपले, अशी जटाशंकरची कथा. लपण्याची जागा म्हणून या डोंगराची कीर्ती आप्पासाहेबांच्या फार आधीची आहे.

दुपारी चौरागड चढलो. तेराशेच्या आसपास पायऱ्या, वर महादेवाचे मंदिर आणि भाविकांनी खांद्यावरून आणलेल्या त्रिशूळांचे ढीग. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. इथे एक खुलासा करून ठेवतो, कारण अनेक ठिकाणी गोंधळ झालेला दिसतो. गढा-मंडल्याच्या संग्रामशहाचा आणि वीर नारायणाच्या लढाईचा चौरागड किल्ला हा नव्हे. तो नरसिंहपूर जिल्ह्यात, गाडरवाड्याच्या बाजूला आहे. नाव एक, जागा दोन.

दुसरा दिवस : चिखल आणि वाळू

दुसऱ्या दिवशी धूपगडच्या रस्त्यावरून जलगलीला उतरून नागद्वारच्या वाटेला लागलो. धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर. पायवाट पंधरा किलोमीटरच्या वर. चढ, उतार, ओढे, मध्ये लोखंडी शिड्या. काजरी, मग पद्मशेषाची गुहा, म्हणजेच नागद्वार. ढग इतके खाली आलेले की दहा पावलांपलीकडचा माणूस दिसेना, फक्त "हर बोला महादेव" ऐकू यायचे.

अशा पावसात आम्ही चौघे पन्नाशीचे गृहस्थ दिवसभर चाललो. भिजलो, दमलो, पण अडकलो नाही. आमच्या बरोबर एक स्थानिक गाईड होता. त्याला मी खालच्या गाडीची गोष्ट सांगितली, तर हसून म्हणाला, "साहब, बारिश में नीचे वाला फँसता है, ऊपर वाला नहीं."

मी तिथेच थांबलो. ज्या वाक्यासाठी आम्ही इंदूरहून आलो होतो, ते त्याने सहज बोलून टाकले होते.

डोंगराच्या उत्तरेला नर्मदेचे खोरे, काळी माती. दक्षिणेला छिंदवाडा-बैतूलकडे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा मुलूख, तिथेही काळी माती. मध्ये वालुकाश्माचे हे बेट. पिपरियाची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, पचमढी हजाराच्या वर. कंपनीची फौज म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. तोफा, दारूगोळ्याचे गाडे, रसदीचे बैल, तंबू. हे सगळे चाकांवर आणि खुरांवर चालते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक बसते, बैल बसतो. म्हणून त्या काळी फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत. हलक्या पायाची माणसे मात्र डोंगराच्या आत वाळूवरून हिंडू शकतात. जून ते सप्टेंबर खालची फौज वर येऊ शकत नाही, पण वरचा माणूस खाली उतरून घाव घालून परत जाऊ शकतो. मुलताईची घटना जुलैतली आहे, हे आता वेगळ्या नजरेने पाहावे.

झाडेही हाच नकाशा दाखवतात. पचमढीच्या पठारावर साल आहे. मुख्य सालवनांपासून तुटलेला, पश्चिमेकडचा हा एकाकी पट्टा. खाली बोरीकडे गेलो की साग. सालाला वाळूची जमीन मानवते, काळ्या पाषाणावर तो सहसा वाढत नाही. चालताना साल संपून साग लागला, की पायाखालची माती बदललेली असते. हे आम्ही दोन-तीनदा खाली वाकून, माती चोळून पाहिले.

पावसाळा सरल्यावर हे संरक्षणही सरते. ओढे उतरतात, काळी माती टणक होते, तोफा चालू लागतात. चहूकडून एकाच वेळी चढता येते. आप्पासाहेबांना १८१९च्या आरंभी डोंगर सोडावा लागला, यात मला आता काही आश्चर्य वाटत नाही.

दुसरी रात्र : माणसे

इथपर्यंतचे उत्तर मला इंजिनिअर म्हणून आवडले होते. पाणी, माती, उतार, सगळे मोजता येणारे. पण रात्री ते अपुरे आहे हे कळले.

अंधार पडायच्या सुमारास आमच्यातल्या एकाचा गुडघा धरला. पुढे जाणे शक्य नव्हते. वाटेत विदर्भातल्या एका सेवा मंडळाची ताडपत्रीची रावटी होती. मोठ्या भगुण्यात वरण शिजत होते. आम्ही संकोचून बाहेर उभे राहिलो, तर आतून एक म्हातारे बुवा म्हणाले, "तिथं कायले उभे जी पाण्यात? या, जेवून घ्या. या रस्त्यानं कोनाले उपाशी नाही जाऊ देत." ना नाव विचारले, ना गाव. वरण-भात, आलूची भाजी, झोपायला कोरडी सतरंजी. मित्राच्या गुडघ्याला कोणीतरी तेल चोळून दिले.

रात्री त्यांच्याशी बोलत बसलो. त्यांचे आजोबा पायी येत. साळबर्डीच्या गुहेतून भुयार थेट इथल्या महादेवापर्यंत येते, ही कथा त्यांनीही सांगितली. छिंदवाड्याकडून येणाऱ्या जुन्या वाटेवर जुन्नारदेवला "पहली पायरी" नावाचे देवस्थान आहे, पुढे भुरा भगत. "पायरी" हा शब्द पाहा. हिंदी मुलखात सिढी म्हणायला हवे, पण देवस्थानाच्या नावात आपली पायरी बसली आहे. नागपूरकडून महादेवाला येणाऱ्या माणसांच्या पावलांनीच ती तिथे ठेवली असणार.

तेव्हा मला लागलेला धागा असा. ही वाट आधीपासून होती. तिच्यावर मुक्काम होते, पाणवठे होते, येणाऱ्याला खाऊ घालायची रीत होती. आणि या वाटेचे राखणदार कोण? पचमढी आणि आसपासचे कोरकू-गोंड ठाकूर. महादेवाच्या देवस्थानांचे ते वंशपरंपरेचे रक्षक, त्यांना "भोपा" म्हणत. यात्रेकरूंना वाट त्यांनीच द्यायची. नागपूरच्या भोसल्यांची प्रजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या दारावरून जात होती. आप्पासाहेब अनोळखी रानात शिरले नव्हते. आपल्या प्रजेच्या तीर्थाच्या वाटेने, त्या वाटेच्या राखणदारांकडे ते गेले. हे माझे अनुमान आहे, पण ते डोंगरात बसून फार बळकट वाटते.

खाण्याचा हिशेबही त्यातच बसतो. मे महिना म्हणजे मोहाची फुले वेचून, वाळवून घरात आलेली. चारोळीचा हंगाम. पावसाळ्यानंतर कोदो-कुटकी. हलक्या जमिनीवर येणारी ही धान्ये आणि रानमेवा, हेच डोंगराचे कोठार. ते कोठार कुलपात नव्हते, पण त्याची किल्ली गोंड-कोरकू घरांतल्या बायामाणसांकडे होती. त्यांनी हात आखडता घेतला असता, तर पाझर आणि वाळू असूनही आप्पासाहेब पंधरा दिवस टिकले नसते.

तिसरा दिवस : हिशेब कोणी चुकवला

परतीच्या वाटेवर हाच विषय चालला होता. आमच्यातले एक स्नेही म्हणाले, "राजा गेला जोधपूरला. ज्यांनी सांभाळला, ते तर इथेच राहिले ना?"

खरे आहे. आप्पासाहेबांचे पुढे काय झाले ते आपल्या पुस्तकांत असते. डोंगराचे काय झाले ते नसते. चाळीस वर्षांनी, १८५८च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच सातपुड्यात आले, तेव्हाही डोंगरातल्या माणसांनीच हात दिला. हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह त्यांत पुढे होते. त्यांची जहागीर जप्त झाली आणि तिच्यातूनच बोरीचे राखीव जंगल उभे राहिले. १८६५ साली राखीव झालेले, देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी एक. १८६२मध्ये कॅप्टन फोर्सिथ पचमढीला आला, त्याने "बायसन लॉज" बांधला. पचमढीचा "शोध" त्याने लावला असे पर्यटनाच्या पाट्या सांगतात. ज्या पठारावर भोपे पिढ्यान्‌पिढ्या देव राखत होते आणि ज्याच्यासाठी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी फौजा चालून आल्या होत्या, त्याचा शोध!

आपल्या काळात बोरी, धाईं यांसारखी गावे व्याघ्रप्रकल्पातून बाहेर हलवली गेली. जंगलाला त्याने मोकळीक मिळाली, हे मान्य. गवे वाढले, आम्हालाही ओल्या वाळूत त्यांचे ताजे खूर दिसले. मी त्याच्या विरोधात लिहीत नाही. पण १८१८मध्ये या जंगलाचे कुलूप-किल्ली ज्यांच्या हाती होती, त्यांची वस्ती आज जंगलाबाहेर आहे आणि त्यांच्या आठवणीही त्यांच्याबरोबर बाहेर गेल्या आहेत. कोणत्या गुहेत कोण उतरले होते, कोणत्या पाझरावर कोणाचा तळ पडला, हे सांगणारी माणसे आता नव्या गावांत राहतात आणि वय झालेली आहेत.

मग उत्तर काय?

बैठकीतल्या त्या प्रश्नाला माझे उत्तर आता असे आहे. उन्हाळ्यात आप्पासाहेबांना वालुकाश्मातल्या पाण्याने तारले. पावसाळ्यात खालच्या काळ्या मातीने त्यांचा पाठलाग अडवला. आणि पूर्ण आठ-साडेआठ महिने त्यांना माणसांनी जगवले. पहिल्या दोन गोष्टी ऋतूबरोबर बदलल्या, तिसरी बदलली नाही. "दुर्गम प्रदेश" या दोन शब्दांत आपण नेमकी ही तिसरी गोष्ट झाकून टाकतो.

आपल्यापैकी कोणाला ही वाट चालायची असेल, तर नागपंचमीच्या आधीच्या दिवसांतच जावे, वनखात्याच्या सूचना पाळाव्यात, प्लास्टिक परत आणावे. एक वही जरूर न्यावी. देवस्थानांचे फोटो भरपूर झाले आहेत. आता रावटीतल्या म्हाताऱ्यांजवळ, आणि जमले तर जंगलाबाहेर गेलेल्या कोरकू-गोंड घरांत, अर्धा तास बसून ते काय सांगतात ते उतरवून घ्यावे. आमच्या वहीत या खेपेला अकरा पाने झाली आहेत. पुढच्या बैठकीत ती वाचून दाखवीन.